पक्षादेश आणि एक मत

गर्भपाताच्या कायद्यावर अमेरिकेतले आमदार पक्ष सांगेल तसंच मत देतात, असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा खरं आहे, पण एप्रिल २०२३ मधलं नेब्रास्का राज्य बघा. तिथल्या विधिमंडळात एकच सभागृह, ४९ सदस्य. चर्चा थांबवून विधेयक मतदानाला घ्यायचं तर ३३ मतं लागतात. गरोदरपणाच्या साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारं रिपब्लिकन पक्षाचं विधेयक ३२ वर अडकलं! मर्व्ह रीपी हे ऐंशीच्या घरातले रिपब्लिकन आमदार हजर राहून तटस्थ बसले. गंमत म्हणजे विधेयकावर सुरुवातीला त्यांचीही सही होती. सहा आठवड्यांत बाईला दिवस गेल्याचं कळतंच असं नाही, हा त्यांचा मुद्दा. बारा आठवडे करा म्हणाले, कुणी ऐकलं नाही. पुढच्याच महिन्यात मात्र बारा आठवड्यांची मर्यादा दुसऱ्याच एका विधेयकाला जोडून बरोब्बर ३३ मतांनी मंजूर झाली.

आपल्याकडे व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, तिथं तसं नाही. पण हिशेब मतदार करतात. साउथ कॅरोलायना राज्याच्या सिनेटमध्ये गर्भपातबंदीविरुद्ध उभ्या राहिलेल्या तिन्ही रिपब्लिकन महिला सिनेटर २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या.