मदत हवी आहे: मैदानासाठी जनहित याचिका करायची आहे, पण त्याच बिल्डरशी आमचा जुना वाद आहे

नमस्कार. उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकांचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आमच्या सोसायटीमागच्या भूखंडावर मंजूर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. पालिकेने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल प्रस्ताव काढला: मैदान वगळायचं, जागा वाणिज्य वापराला द्यायची. हरकतींसाठी एक महिना होता. आमच्या दोन इमारती आणि पलीकडची वस्ती मिळून दीडशेच्या वर हरकती दिल्या. आवक शिक्का मारलेल्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. सुनावणीत मला जेमतेम चार मिनिटं मिळाली. गेल्या महिन्यात शासनाची मंजुरी राजपत्रात आली.

तिथे रोज संध्याकाळी वस्तीतली मुलं विटांची चवड रचून स्टंप करतात. त्यांची घरं एका खोलीची. दुसरं मैदान हायवेच्या पलीकडे आहे, तिथे आठ-नऊ वर्षांच्या पोरांना एकटं कोण पाठवणार? याचिका मला यासाठी करायची आहे, हे मनापासून सांगतो.

पण माझी बाल्कनी त्याच भूखंडावर उघडते. तिथे इमारत उठली की माझा उजेड-वारा जाणार, फ्लॅटची किंमतही उतरणार. शिवाय ज्या बिल्डरला ही जागा मिळते आहे त्यानेच आमची सोसायटी बांधली. कन्व्हेयन्स, म्हणजे जागेची मालकी सोसायटीच्या नावे, करून देत नव्हता, म्हणून आम्ही उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीविना कन्व्हेयन्स मिळवण्याचा) अर्ज केला. त्यावर सेक्रेटरी म्हणून सही माझीच. म्हणजे समोरचे वकील पहिल्याच दिवशी म्हणणार, हा सूड उगवतोय.

त्यातच दुसऱ्या एका बिल्डरचा माणूस येऊन गेला. वकिलांची फी आम्ही बघतो म्हणाला. मी नाही म्हटलं. कमिटीतल्या काहींना मात्र अजून वाटतं की घ्यायला काय हरकत आहे.

नागपूर खंडपीठाने अनधिकृत बांधकामांविरुद्धच्या एका जनहित याचिकेत याचिकाकर्त्या वकिलालाच 25 हजारांचा खर्च लावला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली तो कायम ठेवला, हे वाचलंय. तिथे आरोप ब्लॅकमेलचा होता. आमचं तसं काही नाही. तरी विचारतो: आम्हाला लोकस, म्हणजे याचिका करण्याचा अधिकार, आहे का? आणि कन्व्हेयन्सचा वाद याचिकेत आपणहून लिहायचा, की विचारलं तरच सांगायचा?

प्रतिसाद:

आपणहून लिहा, आणि तेही सुरुवातीच्या परिच्छेदांत. अर्जाची प्रत जोडा. तुम्ही सांगितलेली गोष्ट ही माहिती असते. तीच समोरच्याच्या प्रतिज्ञापत्रातून आली की लपवाछपवी ठरते आणि सगळी चर्चा मैदानावरून तुमच्यावर येते.

लोकसची काळजी करू नका. 1981 च्या न्यायाधीश बदली प्रकरणापासून स्वतःला झळ न बसलेला माणूसही लोकांच्या हक्कासाठी दार ठोठावू शकतो, आणि तुम्हाला तर झळ बसतेच आहे. बंगळुरूत उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. तेव्हा रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या निकालात स्पष्ट सांगितलं. तो निकाल पूर्ण वाचा.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न याचिका कोणती करायची हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिकांसाठी 2010 चे स्वतंत्र नियम आहेत. वैयक्तिक हितसंबंध नाही असं शपथेवर लिहायचं आणि बाल्कनी मैदानावर उघडते, हे जुळत नाही. बाधित रहिवासी म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली साधी रिट याचिका (स्वतःच्या हक्कासाठी उच्च न्यायालयात केलेली) करा. मुद्दे तेच मांडता येतील: फेरबदल खरंच कलम 37 च्या मर्यादेत बसतो का, हरकतींचा विचार झाला का, सुनावणी नावापुरती होती का.

दुसऱ्या बिल्डरचा एक रुपयाही घेऊ नका. वर्गणी काढा, प्रत्येकाला पावती द्या.

आणि वेळ घालवू नका. बंगळुरूतल्या कोरमंगलाच्या रहिवाशांची बहुमजली इमारतीविरुद्धची याचिका 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडली, त्यात उशीर हे एक मोठं कारण होतं. पाया खणून झाल्यावर गेलात तर आजवर कुठे होतात, हाच पहिला प्रश्न येईल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. साध्या रिटचा विचारच केला नव्हता. एक शंका उरते. वस्तीतल्या एक ताई, ज्यांची दोन्ही मुलं तिथे खेळतात, याचिकाकर्त्या व्हायला तयार आहेत. कमिटीतले म्हणतात फक्त त्यांचंच नाव टाकू, म्हणजे कन्व्हेयन्सचा विषयच निघणार नाही. मला हे पटत नाही. खर्च आम्ही करणार, कागद आम्ही गोळा केलेले, आणि बिल्डरची माणसं दारात आली तर सामोरं जायचं त्यांनी एकटीने? त्यांचं नाव असेल तर शेजारी माझंही असेल, असं मी काल मीटिंगमध्ये सांगितलं. दोघांनी मिळून एकच याचिका करण्यात काही अडचण आहे का? शनिवारी वकिलांकडे जातोय. पोचपावत्यांबरोबर कन्व्हेयन्सची फाइलही नेतो.