आठव्या महिन्यात गाय गाभडली, ब्रुसेला (गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) निगेटिव्ह. मग कारण काय?

गोठा_सांगोला:
रामराम मंडळी. माझी एचएफ (होल्स्टीन) संकरित गाय, तिसरं वेत, आठवा महिना चालू होता. पहाटे पाहिलं तर वासरू खाली पडलेलं. अंगावर केस आलेले, पूर्ण भरलेलं, पण मेलेलं. वार (वासरामागून पडणारी झिल्ली) चार दिवस लोंबत होती. आता रक्ताचा रिपोर्ट आला, ब्रुसेला नाही. खाण्यात बदल नाही, कडबा आणि मुरघास नेहमीचाच. दोन दिवस आधी मागचा गुडघा सुजला म्हणून एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सूज लगेच उतरली होती. पुढच्या वेताची फार काळजी लागलीय.

निवृत्त_पशुवैद्य:
दादा, आधी बाटली शोधा. नाव डेक्सामेथासोन आहे का?

गोठा_सांगोला:
होय, तेच आहे.

निवृत्त_पशुवैद्य:
मग माझा पहिला संशय त्यावरच. दिवस भरले की वासराच्या अंगात कॉर्टिसोल वाढतं आणि त्यातून वेण सुरू होते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गाईच्या शरीराला तोच इशारा देतं. शेवटच्या तीन महिन्यांत टोचलं तर एक ते तीन दिवसांत गाय गाभडू शकते, आणि अशा वेळी वार अडकणं नेहमीचंच. तुमचे दिवस अगदी जुळतात. गाभण जनावराला स्टेरॉइड नसलेलं सूजेचं औषध मागून घ्या. सुई भरायच्या आधी ‘गाय गाभण आहे, इतके महिने’ हे मोठ्यानं सांगा. गोठ्यात घाईत हेच राहून जातं.

तरी लेप्टोसारखे (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा रोग) गाभ पाडणारे इतर रोग एका रिपोर्टनं नाकारता येत नाहीत. पुन्हा असं झालं तर हातमोजे घालून वासरू आणि वार बर्फात ठेवा, पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवा. मुरघासाला बुरशी असेल तर तीही बाजूला काढा.

शेळीवाली_ताई:
शेळ्यांचंही सांगते. माज एकत्र आणायला देतात ते प्रोस्टाग्लॅंडिन गाभण शेळीला कधीही चालत नाही. तिचा गाभ पाचही महिने अंडाशयातल्या पिवळ्या ग्रंथीवर टिकतो, इंजेक्शननं ती विरघळते. आमच्याकडे आता तपासल्याशिवाय कुणालाही टोचू देत नाही.

निवृत्त_पशुवैद्य:
ताई बरोबर. गाईतही हाच धोका आहे. शिवाय काही गाभण गाई माज दाखवतात, आणि न तपासता पुन्हा कृत्रिम रेतन केलं तर नळी गर्भाशयात जाऊन गाभ जातो. दादा, या गाईचं गर्भाशय तपासून घ्या, स्राव स्वच्छ झाल्यावरच पुन्हा रेतन करा.