पितळी स्टोव्हच्या पंपातील व्हॉल्व्ह काढण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी जमवलेल्या जुन्या घरगुती उपकरणांत आजीचा पितळी प्रायमस स्टोव्ह मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि १८९२ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या या रचनेचा हा नमुना केवळ कपाटात न ठेवता पुन्हा पेटता करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पंपाचे कडक झालेले चामडी वायसर तेलात भिजवून मऊ केले, बर्नरला पिन मारली. मात्र हवा भरताच पंपाचा दांडा आपोआप बाहेर येतो आणि नळीत रॉकेल चढते. यावरून नळीच्या तळाचा, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह निकामी झाला असावा. तो काढण्यासाठी लांब दांड्याचा खास पाना लागतो. भलत्याच हत्याराने जोर केल्यास पितळ झिजते. असा पाना असलेला किंवा बनवून देणारा कारागीर पुणे परिसरात कोणाला माहीत आहे का? व्हॉल्व्हमधील बुचाच्या जागी रॉकेलमध्ये टिकणारे कोणते रबर बसवावे?

टाकीवर ठिपक्याठिपक्यांनी आजीचे नाव घातलेले आहे. ती अक्षरे पुसट होऊ नयेत म्हणून मी अद्याप चिंचही लावलेली नाही. तेव्हा पितळ कशाने स्वच्छ करावे, हेही अनुभवींनी कृपया सांगावे.