थ्रस्ट म्हणजे रेटा, धक्का की प्रणोद?

मूळ प्रश्न

साखर कारखान्यातल्या बॉयलर फीड पंपांच्या (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या) देखभालीची पुस्तिका मराठीत करतेय. वाचणार फिटर आणि हेल्पर. पंप, शाफ्ट (फिरता दांडा), इंपेलर (त्यावरचं पाणी फेकणारं चाक), बेअरिंग (शाफ्टला आधार देणारा भाग) हे शब्द मी तसेच ठेवलेत. विश्वकोशात बेअरिंगला 'धारवा' आहे आणि तो मला आवडतोही, पण पाना हातात घेतलेल्या माणसाला तिथेच थांबवायचं नाही. अडलंय ते 'थ्रस्ट'पाशी. जुन्या मराठी प्रतीत त्याला सरसकट 'दाब' लिहिलंय. प्रेशरलाही दाबच. त्यामुळे एक वाक्य असं झालंय : 'डिलिव्हरीकडील दाब वाढल्यास शाफ्टवरील दाब वाढतो.' याचा अर्थ कुणी काय लावायचा? जोर, धक्का, ढकल, रेटा, प्रणोद यांतला कुठला घ्यावा? आणि 'थ्रस्ट कंट्रोल'ला काय म्हणावं?

प्रतिसाद १

'दाब' आधी काढा. दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर किती, आणि थ्रस्ट म्हणजे सगळा मिळून किती आणि कुठल्या दिशेला. 'जोर'ला दिशा नाही. अंगात जोर असतो, पावसाचा जोर असतो. 'बल' शाळेच्या पुस्तकात ठीक आहे, पण ते सगळ्याच फोर्सना लागू होतं. माझं मत 'रेटा'. लोकलच्या दारात उभं राहिलं की मागून येतो तो रेटा. सतत, एकाच दिशेने, आणि पाय रोवल्याशिवाय न थांबणारा. 'रेटून नेणे', 'लोकांचा रेटा' यांतही तेच आहे.

प्रतिसाद २

ताई, मी फिटर होतो, आता निवृत्त. बहुतेक वर्षं पंपांवरच गेली. आम्ही थ्रस्टला थ्रस्टच म्हणायचो, पण नव्या पोरांना समजावताना तोंडात 'रेटा'च यायचा. तो कुठून येतो ते आधी सांगतो, म्हणजे शब्दाचं माप कळेल.

इंपेलरच्या पुढच्या बाजूला, जिथून पाणी आत शिरतं तिथे, सक्शनचा कमी दाब. पाठीमागे मात्र सगळीकडे डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा, जास्त दाब. पाठीवरचं पारडं जड, म्हणून इंपेलर सक्शनकडे सरकू पाहतो. एका शाफ्टवर असे आठ-दहा इंपेलर एकाच तोंडाने बसवले की सगळ्यांचा रेटा एकत्र होतो. तो नुसत्या बेअरिंगवर सोपवला तर बेअरिंग टिकणार नाही. म्हणून शेवटच्या इंपेलरमागे बॅलन्स ड्रम बसवतात. ड्रमच्या एका अंगाला पूर्ण दाब, दुसऱ्या अंगाची जागा पाइपाने सक्शनला जोडलेली; तो पाइप म्हणजे बॅलन्स लाइन. त्यामुळे ड्रम उलटीकडे ओढतो आणि बहुतेक रेटा तिथेच फिटतो. उरलेला रेटा थ्रस्ट बेअरिंग घेतं. काही पंपांत ड्रमऐवजी बॅलन्स डिस्क असते. तिची करामत मला अजून आवडते : रोटर, म्हणजे शाफ्टसकट सगळा फिरता भाग, सक्शनकडे सरकला की डिस्कची फट बारीक होते, गळती कमी होते, आतला दाब चढतो आणि तोच रोटरला मागे ढकलतो. माणसाने काही करायचं नसतं.

एका ठिकाणी दुरुस्तीनंतर या बॅलन्स लाइनचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला. पंप सुरू झाला, आवाज नाही, थरथर नाही. फक्त थ्रस्ट बेअरिंगचा तापमानाचा काटा चढत गेला. बंद करेपर्यंत बेअरिंगच्या पॅडवरचं व्हाइट मेटल (मऊ धातूचा थर) पुसलं गेलं होतं आणि इंपेलर घासले होते. त्या दिवशी काट्याकडे बघायचं माझ्याकडे होतं. म्हणून सांगतो, पुस्तिकेत हे वाक्य ठळक अक्षरात घ्या.

प्रतिसाद ३

काकांच्या 'आवाज नाही' या शब्दांवर थबकलो. वैशेषिक दर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका प्राचीन शाखेत, ढकलण्याचे दोन प्रकार वेगळे केले आहेत : नोदन आणि अभिघात. अभिघातात आवाज होतो, नोदनात होत नाही. धनुष्याची दोरी बाणाला देते ते नोदन, आणि त्यातून बाणाची पहिली हालचाल. म्हणजे 'धक्का' हा अभिघात, आणि थ्रस्ट हे नोदन.

हिंदी पाठ्यपुस्तकांतला 'प्रणोद' याच नुद् धातूचा. 'विनोद'ही त्याचाच : मनातलं ओझं दूर लोटणारा. तेव्हा 'प्रणोद' परका नाही. प्रोपल्शनला 'प्रणोदन' मला चालेल, कारण तिथे साधित शब्द लागतात. पण तुमच्या पुस्तिकेत रेटाच हवा. त्याची रूपं सहज होतात : रेट्याने, रेट्याविरुद्ध, रेट्याखाली. 'प्रणोदाविरुद्ध' म्हणताना जीभ अडखळते.

प्रतिसाद ४

जहाजावर इंजिनिअर आहे. 'धक्का' नकोच, आमच्याकडे त्याला जहाज लागतं! भाऊचा धक्का म्हणजे काही भाऊचा थ्रस्ट नव्हे.

थ्रस्ट बेअरिंग रेटा 'अडवतं' असं लिहू नका, ही विनंती. जहाजात पंखा पाण्याला मागे लोटतो आणि शाफ्ट पुढे रेटला जातो. तो रेटा थ्रस्ट ब्लॉकमधून सांगाड्याला मिळतो, तेव्हा जहाज चालतं. हजारो टनांचं जहाज एवढ्याशा जागेतून पुढे ढकललं जातं. तिथे रेटा 'पेलला' जातो आणि पुढे 'पोचवला' जातो.

पूर्वी शाफ्टला एकामागे एक बऱ्याच कॉलर (शाफ्टभोवतीच्या कडा) असत, आणि तरी त्या तापत. ऑस्ट्रेलियातल्या मिचेल यांनी १९०५ मध्ये कलत्या पॅडच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. अमेरिकेत किंग्जबरी स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचले होते. त्यांचं बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूड जलविद्युत केंद्रात उभ्या शाफ्टखाली बसलं आणि त्याने सुमारे दोनशे टन भार पेलला. पॅड किंचित कलतात, फिरणारी कॉलर तेल ओढून आत नेते, आणि तेलाची पाचर तयार होते. मराठीत पाचर मारली की काम अडतं, इथे पाचरीवरच सगळा भार तरंगतो. त्या तेलाच्या थराची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते.

उभ्या शाफ्टचं बेअरिंग पोरांना समजवायचं तर भोवऱ्याची आर दाखवा. सगळं वजन तिच्या टोकावर.

प्रतिसाद ५

'थ्रस्ट कंट्रोल'ला 'रेटा नियंत्रण' एवढंच लिहिलं तर काही कळत नाही. प्रत्येक यंत्र रेट्याचं काहीतरी वेगळंच करतं. बेअरिंग पेलतं, ड्रम तोलतो. चार्ल्स पार्सन्सच्या १८८४ च्या टर्बाइनमध्ये वाफ मधोमध सोडून दोन्ही टोकांकडे नेली होती, रेट्याला समोरून रेटा. रॉकेटमध्ये रेटा वळवतात. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात नॉझलमधल्या झोतात एका बाजूने स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं द्रावण सोडून झोत कलवतात, दुसऱ्या टप्प्यात 'विकास' नावाचं इंजिनच हलवतात. आणि चांद्रयान-३ च्या लँडरने २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरताना प्रत्येकी ८०० न्यूटनच्या चार इंजिनांचा रेटा कमी-जास्त केला. त्याला मी 'आवरणे' म्हणेन. तेव्हा नाम एकच ठेवा, क्रियापद यंत्र बघून बदला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'रेटा' नक्की. प्रकरणाचं नाव 'थ्रस्ट कंट्रोल' ऐवजी 'रेटा तोलणे आणि पेलणे' असं करते, कारण माझ्या पंपात ही दोनच कामं आहेत. बिघडलेलं वाक्य आता असं : 'डिलिव्हरीचा दाब वाढला की शाफ्टवरचा सक्शनकडचा रेटा वाढतो.' आणि ठळक अक्षरात : 'पंप सुरू करण्याआधी बॅलन्स लाइन उघडी असल्याची खात्री करा. ती बंद राहिली तर रेटा तोलला जात नाही आणि तो सगळा थ्रस्ट बेअरिंगवर बसतो.'

काका, 'बसतो' बरोबर आहे ना?

प्रतिसाद २

नाही ताई. बसतो तो धक्का. रेटा येतो.

मूळ प्रश्नकर्ती

'येतो' केलं.