मदत हवी आहे: बाबांचा प्लाझ्मा गेला, आता ओलेड की मिनी एलईडी?

नमस्कार मंडळी,

कराडच्या घरचा टीव्ही गणपतीत गेला. आधी चालू व्हायला चार-चारदा रिमोट दाबावा लागायचा, मग नुसतं टक्‌ टक्‌ आणि पुढे अंधार. ४२ इंची प्लाझ्मा (एलईडीच्या आधीच्या काळातला सपाट टीव्ही) होता, २०११ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर बाबांनी हौसेने घेतलेला. वानखेडेवरचा धोनीचा तो शेवटचा षटकार अख्ख्या आळीने आमच्याकडेच पाहिला. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं, बोर्ड गेलाय म्हणाला, पार्ट मिळत नाहीत म्हणाला आणि झाकण परत लावून गेला. त्याचाही इलाज नाही. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा बनवणंच थांबवलं.

मला वाटलं तासाभराचं काम आहे. ५५ इंची घ्यायचा, बजेट लाखापर्यंत, फारच झालं तर सव्वा. बाबांना घेऊन कोल्हापूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो आणि तिथेच अडकलो. रांगेतल्या प्रत्येक टीव्हीसमोर उभं राहून बाबांचं एकच, "यात काळं कुठंय? हे राखाडी आहे." दुकानातला मुलगा बिचारा सांगतोय की सर, हा एलईडी नाही, क्यूएलईडी आहे. बाबांनी त्याला दिवे घालवायला सांगितले! शेवटी कोपऱ्यातल्या ओलेडसमोर गेले, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा आपल्यासारखा आहे."

घ्यायला हरकत नव्हती. बजेटच्या थोडा वर जात होता, तेही जमवलं असतं. पण बाबा सकाळी सातला बातम्यांचा चॅनेल लावतात तो रात्री जेवणापर्यंत. दुपारी झोपतात तेव्हाही चालू. वर कोपऱ्यात लोगो, खाली दिवसभर तीच लाल पट्टी. प्लाझ्मावर त्या पट्टीचा डाग पडलाच होता, रविवारी सिनेमा लावला की नायिकेच्या पदरावर पुसटशी "ब्रेकिंग"ची अक्षरं दिसायची. ओलेडचंही असंच होतं असं वाचलंय.

आणखी एक घोळ म्हणजे आमची बैठकीची खोली. बाबांचा दिवाण टीव्हीसमोर नाही, बाजूच्या भिंतीला, खिडकीखाली आहे. आई मालिका बघते ती निम्मी स्वयंपाकघराच्या दारातून. म्हणजे समोर बसून टीव्ही बघणारं घरात कुणी नाहीच. सकाळी खिडकीतून थेट ऊन येतं ते वेगळं.

तर ओलेडचा डाग कितपत खरा? मिनी एलईडी म्हणजे नक्की काय, आणि बाबांच्या डोळ्यांना तो चालेल का? दिवाळीच्या आत घ्यायचाय.

प्रतिसाद: सोलापुरी चादर

तुमचे बाबा बरोबर आहेत, दुकानदार नाही. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, सगळे मुळात एलसीडीच. मागे दिवा, पुढे त्याचा उजेड अडवणारा पडदा. पडदा कितीही घट्ट लावला तरी फटीतून उजेड येतो, तोच तो राखाडी काळा. क्यूएलईडीत मागे निळा दिवा असतो आणि क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण त्यातून लाल-हिरवा रंग काढतात. (या कणांवरच्या कामाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) रंग खुलतात, पण काळ्याला त्याचा काही उपयोग नाही.

प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः पेटायचा. ओलेडमध्येही तेच, आणि विझला की पूर्ण विझतो. म्हणून "आपल्यासारखा" वाटला. बाबांची नजर पक्की आहे हो!

मिनी एलईडी ही मधली वाट. मागचे दिवे बारीक आणि हजारोंनी, त्यांचे गट पाडलेले. चित्रात अंधार असेल तिथला गट मंद होतो. पण हिशोब बघा, ४के पडद्यावर साधारण ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. गट ५०० असतील तर एका गटाच्या वाट्याला सोळा-सतरा हजार. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती धूसर प्रभावळ दिसणारच. गट जितके जास्त तितकी ती कमी. दुकानात "मिनी एलईडी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, गट किती ते विचारा.

प्रतिसाद: तिरकस

बातम्या बारा तास आणि ओलेड? काका लाल पट्टी विकत घेतायत, टीव्ही फुकट.

प्रतिसाद: सोल्डरिंग गन

वीस वर्षं टीव्ही दुरुस्तीत आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

ओलेडचा डाग खरा आहे. तो "छापला" जातो असं लोक म्हणतात, तसं नाही. जिन्याच्या ज्या पायरीवर सगळे पाय देतात ती आधी झिजते, तसं आहे. पट्टीखालचे पिक्सेल बाकीच्यांपेक्षा जास्त राबतात आणि लवकर मंद होतात. ते परत ताजे होत नाहीत. टीव्हींच्या चाचण्या घेणाऱ्या आरटिंग्ज या वेबसाइटवाल्यांनी २०१८ मध्ये सहा एकसारखे ओलेड रोज वीस-वीस तास चालवून ठेवले होते. ज्यांच्यावर सीएनएन हा बातम्यांचा चॅनेल लावला होता त्यांच्यावर खुणा उमटल्या. आताचे पॅनेल सुधारलेत, पण तुमच्या बाबांचा वापर त्या चाचणीच्याच जातीचा आहे. वॉरंटी कार्डातली बारीक अक्षरं घेण्याआधी वाचा, डाग बहुतेक वेळा त्यात धरत नाहीत.

आता आपल्याकडची खास गोष्ट. ओलेड काही तास चालला की बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःची झीज मोजून समतोल साधतो. आपण रात्री काय करतो? भिंतीवरचं बटण बंद. वीज वाचते, विजांची भीती नाही. पण मग ते काम होतच नाही. ओलेड घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगतो, दोन दिवसांनी घरातलं कुणीतरी बटण बंद करतंच.

पण तुमच्या घरात मला डागापेक्षा बाजूने बघण्याची काळजी जास्त वाटते. एलसीडीत मुख्य दोन पॅनेल. व्हीए आणि आयपीएस. व्हीएचं काळं चांगलं, आयपीएसच्या तीनेक पट तरी, पण बाजूला सरकलात की रंग धुतल्यासारखे. आयपीएस बाजूने बरा दिसतो, पण त्याचं काळं बघून बाबा दुकानातूनच परत येतील. बऱ्याचशा मिनी एलईडीत व्हीएच असतो. म्हणून दुकानात समोरून बघू नका, दिवाणाच्या कोनातून बघा. आणि त्यांचा भडक शोरूम मोड काढायला लावा.

सोपा उपाय सुचवू? दिवाण हलवा.

प्रतिसाद: माहेरची साडी नव्हे

आईंच्या मालिकांचं कुणी बोललंच नाही. सेट टॉप बॉक्सवर साधा चॅनेल असेल तर त्याचे चार लाखांच्या आसपास पिक्सेल ८३ लाखांवर ताणले जातात, एकाचे वीस. ५५ इंचावर सगळ्या सुना गोधडीतून बघितल्यासारख्या दिसतील. स्टार प्रवाह, झी मराठी, जे बघत असतील त्याचं एचडी पॅक आधी घ्या, टीव्ही नंतर. आमच्याकडे उलट केलं, महिनाभर बोलणी खाल्ली.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदार "खास दिवाळी सूट" म्हणून तेच पैसे दाखवत नाही ना, बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. तिरकस, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला, बाबा सोडून सगळे हसले.

दिवाण हलवायचा विषय काढला. बाबा म्हणाले, खिडकीतून रस्ता दिसतो, टीव्ही हवा तर हलवा. म्हणून तेच करतोय. भिंतीपासून पुढे ओढून दोन्हीकडे फिरवता येईल असा ब्रॅकेट मिळतो. दिवसा टीव्ही दिवाणाकडे वळवायचा, संध्याकाळी मालिकांना स्वयंपाकघराच्या दाराकडे. खिडकीकडे वळवला की सकाळचं ऊन काचेवर येईल, तेवढं सोसायचं. जुन्या घराची भिंत त्या हाताचा भार पेलेल का, हे गवंडी रविवारी येऊन बघणार आहे.

काल परत दुकानात गेलो, बाबांना बाजूला स्टुलावर बसवलं, शोरूम मोड काढायला लावला. जास्त गटांचा, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) मिनी एलईडी त्यांना "चालेल" वाटला. ओलेडकडे जाता जाता एकदा बघितलं, पण बोलले काही नाहीत. बजेटमध्ये बसतोय. ब्रॅकेट कुणी वापरत असाल तर हात पूर्ण बाहेर ओढल्यावर टीव्ही पुढे झुकतो का, तेवढं सांगा.

प्लाझ्मा अजून भिंतीवरच आहे, उतरवायला दोन माणसं लागतील. तोवर बाबा मोबाइलवर बातम्या लावतात, आवाज पूर्ण मोठा करून. त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबायला आता आई तयार नाही.