मोबाइलच्या बॅटरीने डोळे दिपतात, स्टार्टरच्या लाल दिव्याने का नाही?

केळीवाला_चोपडा
राम राम मंडळी. आमच्या फीडरला सध्या रात्रीची लाइट आहे, त्यामुळे पिलबागेत (केळीच्या पिलांपासून धरलेल्या पुढच्या पिकात) पाणी द्यायला रात्री बाराला जावं लागतं. आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू ठिबकची काळी नळीसुद्धा पायाखाली ओळखू येते. व्हॉल्व्ह बघायला मोबाइलची बॅटरी लावली की पुन्हा चाचपडणं सुरू. पण स्टार्टरच्या पेटीवरच्या लाल दिव्याकडे बघून काही होत नाही. डोळ्यात नेमकं घडतं काय?
दुसरं, माझा सोळा वर्षांचा पुतण्या लहानपणापासून दिवेलागणीनंतर ठेचकाळतो. त्याच्या मामाचंही तसंच. घरी सगळे गाजर खाऊ घाला म्हणतात. घातलं, फरक नाही.

बायोच्या_मॅडम_अमळनेर
दादा, तुम्ही जे पाहिलंत ते अकरावी-बारावीला शिकवताना माझा सगळ्यात आवडीचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
रात्री नळी दिसते ती दंडपेशींमुळे, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या मंद उजेड टिपणाऱ्या पेशींमुळे. एका डोळ्यात त्या सुमारे 12 कोटी. प्रत्येकीत चकत्यांची चवड, आणि चकत्यांच्या पापुद्र्यात रोडॉप्सिन हे प्रथिन खच्चून भरलेलं. 348 अमिनो आम्लांची ही साखळी पापुद्र्यातून सात वेळा आरपार जाते. तिच्या पोटात रेटिनल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला छोटा रेणू, वाकून बसलेला असतो. प्रकाशकण आदळला की तो सरळ होतो, सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात!
मग प्रथिनाचा आकार बदलतो. ते शेजारच्या ट्रान्सड्यूसिन या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, तेही एकामागून एक अनेकांना. ट्रान्सड्यूसिन फॉस्फोडायएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) मोकळं करतं आणि ते विकर सायक्लिक जीएमपी या पेशीतल्या निरोप्याचे रेणू सेकंदाला शेकड्यांनी तोडत सुटतं. पेशीतले सोडियम-कॅल्शियमचे मार्ग या जीएमपीमुळेच उघडे राहतात. तो घटला की मार्ग मिटतात आणि पेशीचा विद्युतदाब उणे 40 मिलिव्होल्टवरून उणे 70 कडे घसरतो.
वर्गात मी इथे मुद्दाम थांबते. दंडपेशी अंधारात चालू असते, पुढच्या पेशीकडे सतत ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडत असते. उजेड पडला की ती गप्प होते, आणि तिचं गप्प होणं हाच पुढे जाणारा निरोप. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं बघून मला फार वाईट वाटतं.
आता चाचपडण्याचं कारण. सरळ झालेलं रेटिनल जागच्या जागी वाकत नाही. ते प्रथिनातून सुटून मागच्या रंगद्रव्याच्या थरात जातं, तिथे आरपीई65 हे विकर त्याला पुन्हा वाकवतं, मग ते परत येतं. कडक उन्हातून अंधारात आलं तर रोडॉप्सिनचा साठा पुरता भरायला 30-40 मिनिटं लागतात. मोबाइलच्या झोताने त्यातला थोडाच खर्च होतो, म्हणून त्यानंतर तेवढा वेळ लागत नाही. फ्रान्झ बोल यांनी 1876 मध्ये बेडकाच्या दृष्टिपटलाचा तांबडा रंग उजेडात उडताना पाहिला, तो हाच साठा.
रोडॉप्सिन सर्वात जास्त टिपतं ते 500 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळसर-हिरव्या उजेडाला. 640 च्या पुढच्या लाल उजेडाला ते जवळपास दाद देत नाही. शिवाय तुमचा दिवा मंदही आहे. तेव्हा व्हॉल्व्हसाठी मंद लाल बॅटरी वापरा. पांढरी लावावीच लागली तर एक डोळा घट्ट मिटून घ्या, दोन्ही डोळ्यांचा साठा वेगवेगळा असतो. चालताना मात्र पांढरीच हवी. लाल उजेडात वाळलेल्या पाल्यातली घोणस ओळखू येणार नाही.

शिरपूर_फार्मसी
मॅडम, थोडी भर घालतो. बीपीच्या अटेनोलॉलची गोळी ज्या बीटा रिसेप्टरवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) बसते, तोही असाच सात वेळा आरपार गेलेला, त्याच घराण्यातला. या घराण्याच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना 2012 चं नोबेल मिळालं. आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतल्यावर काहींना सगळं निळसर दिसतं, कारण ती गोळी डोळ्यातल्या या फॉस्फोडायएस्टरेजलाही थोडी अडवते.

नेत्रतंत्रज्ञ_धुळे
भाऊ, पुतण्याचं मनावर घ्या. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रेटिनल बनत नाही आणि रातांधळेपणा येतो. त्यावर शेवग्याचा पाला, मेथी, पपई, गाजर यांचा उपयोग होतो. लहान मुलांना नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी डोस देतात तोही त्यासाठीच. पण लहानपणापासून त्रास आणि मामालाही तेच, म्हणजे आनुवंशिक दृष्टिपटलविकाराची शंका येते. असे बिघाड रोडॉप्सिनच्या जनुकातही सापडतात, इतर अनेक जनुकांतही. तिथे गाजर काही करू शकत नाही. मनाने ‘अ’च्या कॅप्सूल चालू करू नका, जास्त झालं तर लिव्हरला बाधतं.
चालताना बाजूच्या खाटेला, माणसाला धडकतो का ते बघा. रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या, ईआरजी (दृष्टिपटलाचे विद्युतसंकेत मोजणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा. मॅडमनी सांगितलेल्या आरपीई65 च्या दोषावर अमेरिकेत 2017 मध्ये जनुकोपचाराला मंजुरी मिळाली, पण फक्त त्याच जनुकासाठी. म्हणून कोणतं जनुक आहे हे कळणं महत्त्वाचं.

केळीवाला_चोपडा
धडकतो, ताटावर बसलेल्यांनासुद्धा. आम्ही वेंधळा म्हणून रागवायचो. याच आठवड्यात नेतो. मामालाही सोबत घेऊ का?

नेत्रतंत्रज्ञ_धुळे
जरूर घ्या. तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, काही तास धूसर दिसतं. त्यांना गाडी चालवू देऊ नका, एसटीने या.