मदत हवी आहे: विल्यम्स सिंड्रोम असलेल्या भाचीसाठी संगीत
नमस्कार मंडळी, अमळनेरहून लिहितेय. माझ्या भावाची मुलगी ६ वर्षांची, तिला विल्यम्स सिंड्रोम आहे, म्हणजे ७ नंबरच्या क्रोमोसोमचा बारीकसा तुकडा जन्मापासूनच नाही, हार्टचा त्रासपण त्यातलाच. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून रडते, पण श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणायला बाया बसल्या की मांडीवरून हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी चाल जशीच्या तशी म्हणते, शब्द अर्धेमुर्धे का असेनात. या मुलांना गाण्याची ओढ फार असते म्हणे, आम्ही तर रोज बघतोय.

इंग्लंडात नॉर्डॉफ अँड रॉबिन्स नावाची म्युझिक थेरपीची, म्हणजे संगीतातून उपचाराची संस्था आहे, त्यांची पद्धत १९५९ पासूनची. थेरपिस्ट मुलाच्या आवाजाला, टाळीला धरून तिथल्या तिथे वाजवतो, मूल थांबलं की तोपण थांबतो. गाणं शिकवणं नाही, गाण्यातून बोलणं. मला हे फार पटलं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असं काम करणारी संस्था किंवा कोणी शिक्षक माहितीये का? दर आठवड्याला पुणे-मुंबई वहिनीला जमत नाही हो. आणि घरी ढोलकी वाजवली तर चालेल, की तिच्या कानाला जास्त होईल? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.